कलावंताचा प्रपंच : बोरघाटाच्या माथ्यावरची व पायथ्याची हकीगत

स्मरणिकेच्या यंदाच्या अंकासाठी आम्ही काही ऐतिहासिक लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा नेहमीच्या रिवाजाप्रमाणे कुलदैवत, मूळ गाव किंवा आडनावांची व्युत्पत्ती यांपैकी एखादा विषय घ्यावा असे आमच्या मनात होते. परंतु गेल्या वैशाखात खालापूर तालुक्यातील एका लग्नमंडपात आमचा एक जुना विद्यार्थी भेटला, आणि त्याने विचारलेल्या एका प्रश्नामुळे तो बेत मागे पडला.

हा विद्यार्थी आमच्या हाताखाली प्राथमिक शाळेत शिकला. हात विलक्षण. शाळेच्या भिंतीवर त्याने खडूने काढलेला बैल पाहून तपासणीला आलेले साहेबसुद्धा घटकाभर थांबले होते. पुढे तो दहावी झाला, तेव्हा त्याचे वडील सल्ला विचारावयास आमच्या घरी आले. पोराला चित्रकलेच्या शाळेत घालावे की आय. टी. आय. ला, एवढाच त्यांचा सवाल होता. आम्ही क्षणाचाही विचार न करता सांगितले, ‘चित्रांनी पोट भरत नाही.’ गुरुजींचा शब्द त्या काळी घरात प्रमाण मानीत. मुलगा आय. टी. आय. ला गेला, कारखान्यात लागला. काही वर्षांनी तो कारखाना बंद पडला. मग त्याने दुकानांच्या पाट्या रंगविल्या. फ्लेक्सची छपाई आली आणि तेही काम गेले. तेव्हापासून तो कधी गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतो, कधी चित्रपटांच्या देखाव्यांना रंग देतो. म्हणजे अखेर ब्रशानेच त्याला जेवू घातले, पण शिक्षणाचा कागद हाती नसल्यामुळे मजुरीच्या दराने. आता त्याची मुलगी बारावी झाली आहे आणि तिलाही चित्रकलाच शिकावयाची आहे. त्याने विचारले, ‘गुरुजी, तिला काय सांगू? मला सांगितलंत तेच सांगू का?’

त्या वेळी आम्हांस उत्तर सुचले नाही. प्रस्तुत लेख हे त्या उत्तराकरिता केलेले शोधकाम आहे, असे वाचकांनी समजावे. कलावंताने नाव मिळविल्याच्या कथा आपण पुष्कळ वाचतो. त्याने प्रपंच कसा चालविला, भांडवल कोठून आणले आणि ते कसे बुडाले, याची हकीगत क्वचितच लिहिली जाते. सुदैवाने या हकीगतीसाठी आपणांस फार दूर जावयास नको. कर्जत व खालापूर हे आपले दोन तालुके आणि त्यांच्या डोक्यावरचा बोरघाट, एवढ्या टापूत सव्वाशे वर्षांचा दाखला मिळतो.

प्रथम स्थळाविषयी दोन शब्द. १८५६ साली मुंबईची आगगाडी पळसदरीवरून खोपोलीपर्यंत आली आणि १८६३ साली बोरघाटाची चढण पुरी होऊन ती पुण्याच्या वाटेला लागली. त्या दिवसापासून मुंबईचा माल, मुंबईचा पैसा आणि मुंबईचे रोग, तिन्ही आपल्या दारावरून घाट चढू लागले. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. माणसे शहर सोडून पळाली, कामगार मिळेनासे झाले, धंदे बसले. या गडबडीत मुंबईतील एक छापखाना आधी घाटकोपरला आणि तेथून १८९९ साली घाटमाथ्यावर, लोणावळ्यापलीकडील मळवली येथे हलविण्यात आला. तो छापखाना राजा रविवर्मा यांचा होय.

रविवर्म्यांचा जन्म १८४८ साली त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. राजघराण्याशी आप्तसंबंध असलेले हे घराणे होते. तैलरंगाची विद्या त्यांनी मोठ्या चिकाटीने साध्य केली आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे संस्थानिकांच्या आश्रयावर आपली उपजीविका उभी केली. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना १४ पौराणिक चित्रांचे काम ५०,००० रुपयांना दिले होते. त्या काळचे ५०,००० ही रक्कम केवढी मोठी, हे सांगणे नलगे. परंतु आश्रयाचा एक दोष असा, की चित्र एकदा दिवाणखान्यात गेले म्हणजे ते राजाचे झाले. त्यापासून चित्रकाराला पुन्हा एक पैही मिळत नाही, आणि पुढचे काम मिळविण्यासाठी पुन्हा प्रवास, पुन्हा दरबार, पुन्हा प्रतीक्षा. टी. माधवराव या मुत्सद्द्यांनी रविवर्म्यांना पूर्वीच सुचविले होते, की चित्रे यंत्रावर छापून लोकांत विकावी. ती सूचना मनात घोळत राहून १८९४ साली मुंबईत एका भागीदाराच्या साहाय्याने छापखाना निघाला. यंत्रे जर्मनीची, कारागीरही जर्मन.

या छपाईची रीत आजच्या मुलांस सांगितली पाहिजे. चित्र शिळेवर उतरवीत. प्रत्येक रंगाला निराळी शिळा लागे आणि एकच कागद एकामागून एक अशा अनेक शिळांखालून काढावा लागे. एक शिळा केसभर सरकली, तर लक्ष्मीचे ओठ गालावर जात. म्हणजे शिळा, यंत्रे, कागद, शाई आणि पगारी कारागीर यांवर आधी पैसा ओतावयाचा, आणि चित्रे विकून तो मागाहून हळूहळू गोळा करावयाचा. चित्रकाराच्या हाती कुंचला असतो, तोवर त्याला तोटा झाला तरी एका चित्राचा होतो. छापखाना काढला म्हणजे चित्र विको वा न विको, पहिल्या तारखेला पगार द्यावाच लागतो.

रविवर्म्यांचे धाकटे बंधू सी. राजा राजा वर्मा हे स्वतः चांगले चित्रकार होते, आणि भावाच्या कामाची व्यवस्थाही तेच पाहत. परंतु प्लेग, दुष्काळाची वर्षे, स्थलांतराचा खर्च आणि वाढते देणे यांपुढे दोघांचेही काही चालले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभीच छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला, आणि त्याबरोबर चित्रे छापण्याचे हक्कही गेले. १९०५ साली राजा राजा वर्मा आणि १९०६ साली स्वतः रविवर्मा निवर्तले. श्लायशर हा यंत्र जाणणारा मनुष्य. त्याने देवादिकांच्या चित्रांबरोबर व्यापाऱ्यांची लेबले व जाहिराती यांचीही कामे घेतली आणि छापखाना चालता ठेवला. आमच्या आजीच्या देवघरात चौकटीत बसविलेली लक्ष्मी होती. महाराष्ट्रातील किती घरांत ती होती याची गणती नाही. त्या प्रत्येक प्रतीमागे कोणाला तरी नफा झाला. ज्याने ती लक्ष्मी चितारली, त्याच्या पदरी मात्र कर्जाची आठवण राहिली. पुढे १९७२ साली आग लागून मळवलीचा तो छापखाना नष्ट झाला.

याच छापखान्याच्या छायेत दुसरे एक चरित्र घडत होते. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात शिकले होते. १९०३ साली त्यांना पुराणवस्तुसंशोधन खात्यात नकाशे व चित्रे काढण्याची सरकारी नोकरी मिळाली. आमच्यासारख्या शिक्षकाने त्यांना सांगितले असते, की बाबा, ही सोडू नकोस. त्यांनी ती सोडली. वंगभंगानंतरच्या स्वदेशीच्या वातावरणात ते लोणावळ्यास आले, तेथे भागीदारीत ठसे व छपाई यांचा कारखाना काढला, आणि मळवलीच्या रविवर्मा छापखान्यासाठी छायाचित्रावरून शिळेवर प्रतिमा उतरविण्याचे काम करू लागले. पुढे कारखाना दादरला गेला, १९०९ साली फाळके स्वतः जर्मनीस जाऊन यंत्रे घेऊन आले. धंदा भरभराटीस आला आणि भागीदारांशी मतभेद झाले. तेव्हा ते हातची यंत्रे, नावलौकिक, सर्व सोडून बाहेर पडले. चाळिशी ओलांडलेला गृहस्थ, घरात मुलेबाळे, डोळ्यांचे दुखणे आणि उत्पन्न शून्य.

यानंतरची कथा सर्वश्रुत आहे, परंतु आपण ती हिशेबाच्या अंगाने पाहू. चलच्चित्र काढण्याचा ध्यास घेतल्यावर फाळक्यांनी आपल्या विम्याच्या पॉलिशी गहाण टाकल्या आणि १९१२ साली लंडनला जाऊन कॅमेरा आणला. पुढचे भांडवल सरस्वतीबाईंच्या दागिन्यांतून उभे राहिले. याच माउलीने घरी काम करणाऱ्या सर्व मंडळींचा स्वयंपाक केला आणि रात्री फिल्मला छिद्रे पाडण्याचे कामही केले. तिची मजुरी कोणत्याही वहीत नोंदलेली नाही. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला आणि यश मिळाले. पण १९१८ साली भांडवलदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन होताच पूर्वीचाच प्रकार घडला. पैसा एकाचा आणि कल्पना दुसऱ्याची. खटके उडाले, फाळके कंपनी सोडून काशीला गेले, पुन्हा परतले. १९३७ साली कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी ‘गंगावतरण’ केले, तो त्यांचा शेवटचा चित्रपट. १९४४ साली नाशिक येथे हा भारतीय चित्रपटाचा जनक दिवंगत झाला, तेव्हा त्याने जन्मास घातलेला धंदा लाखोंची उलाढाल करीत होता, आणि तो स्वतः त्या धंद्यातून जवळजवळ विस्मृतीत गेला होता.

आता घाट उतरून आपल्या तालुक्यात यावे. मुंबईहून येताना कर्जतच्या रस्त्यालगत खालापूर तालुक्यात चौक हे गाव लागते. तेथे २००५ साली नितीन चंद्रकांत देसाई या कलादिग्दर्शकांनी एन. डी. स्टुडिओ उभारला. देसाई मुंबईच्या कलाशाळेत शिकले, आणि १९८७ साली ‘तमस’ मालिकेच्या वेळी नितीश रॉय यांच्या हाताखाली उमेदवारी करू लागले. पुढे ‘१९४२ : अ लव्ह स्टोरी’, ‘हम दिल दे चुके सनम’, ‘लगान’, ‘देवदास’ अशा चित्रपटांचे देखावे त्यांनी उभारले, आणि चार वेळा राष्ट्रीय पुरस्काराचा मान मिळविला. कलादिग्दर्शकाचे काम मोठे विचित्र असते. शेकडो सुतार, रंगारी, मोल्डिंगवाले लावून तो राजवाडा उभा करतो. चित्रण संपले की राजवाडा पाडतात, आणि त्याच्या हाती ठरलेले मानधन तेवढे उरते. आपण उभारलेले काही टिकावे व त्यावर आपला हक्क राहावा, असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. चौकला किल्ले, महाल, बाजारपेठा उभ्या राहिल्या. ‘जोधा अकबर’ (२००८) तेथे चित्रित झाला, ‘राजा शिवछत्रपती’ ही मालिकाही तेथलीच. आपल्या भागातील किती हातांना त्यामुळे काम मिळाले, हे आसपासच्या खेड्यांतील लोकांस ठाऊक आहे.

परंतु स्टुडिओ म्हणजेही छापखानाच. चित्रण असो वा नसो, जमीन, इमारती, दिवाबत्ती, पहारा यांचा खर्च चालू. २०१६ व २०१८ साली मिळून सुमारे १८० कोटी रुपयांचे कर्ज काढण्यात आले. आम्ही आयुष्यभर मुलांना सरळव्याज शिकविले, म्हणून सवयीने एक उदाहरण घालतो. समजा, १८० कोटींवर दरसाल दर शेकडा १० च धरले, तर वर्षाचे व्याज १८ कोटी. म्हणजे दर दिवसाला सुमारे पाच लाख रुपये. पाऊस असो, सण असो, चित्रण चालू असो वा बंद असो, सूर्य मावळला की पाच लाख! त्यात २०२० साली करोनाच्या साथीने चित्रणे थांबली, जशी १८९६ साली प्लेगने गिऱ्हाइके थांबविली होती. मे २०२१ मध्ये स्टुडिओला आग लागून ‘जोधा अकबर’चा देखावा जळाला. देणे वाढत २५२ कोटींवर गेले. २५ जुलै २०२३ रोजी कंपनी कायदा न्यायाधिकरणाने दिवाळखोरीची कारवाई दाखल करून घेतली, आणि २ ऑगस्ट रोजी देसाई यांनी त्याच स्टुडिओत आपली जीवनयात्रा संपविली. पुढे राज्य शासनाच्या चित्रपट, रंगभूमी व सांस्कृतिक विकास महामंडळाने ती जागा ताब्यात घेतली.

त्या दिवशी आमच्या गावात चूल पेटली तरी कोणाला घास गोड लागला नाही. येथे आम्ही ज्ञातिबांधवांना हात जोडून एवढेच सांगतो, की कर्ज ही हिशेबाची बाब आहे, अब्रूची नव्हे. रविवर्म्यांनी छापखाना विकला, म्हणून त्यांचे चित्र लहान झाले नाही. ज्याच्यावर असा प्रसंग येईल त्याने चार आप्तांना जवळ बोलवावे, आणि आप्तांनीही त्याला हसू नये, त्याच्या दारी बसावे.

या तीन हकीगती वाचून कोणी म्हणेल, की गुरुजी, तुमचे जुने वाक्यच खरे ठरले. थांबा, आणखी दोन दाखले आहेत. कर्जत तालुक्यातील नेरळ येथे कविवर्य नारायण सुर्वे उतारवयात राहत असत. १९२६ साली जन्मलेले हे अनाथ मूल गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने आपले मानून वाढविले. नारायणरावांनी पडेल ते काम केले, मुंबई महानगरपालिकेच्या शाळेत शिपाई झाले, मोठेपणी परीक्षा देऊन त्याच महानगरपालिकेच्या शाळेत शिक्षक झाले. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ १९६२ साली आले, ‘माझे विद्यापीठ’ १९६६ साली. परभणीच्या साहित्य संमेलनाचे ते १९९५ साली अध्यक्ष झाले, १९९८ साली पद्मश्री मिळाली. कवितेवर घर चालत नाही, हे ओळखून त्यांनी घर पगारावर चालविले आणि कविता कोणाच्या दारी गहाण टाकली नाही. २०१० साली ते गेले. प्राथमिक शिक्षकाच्या जातकुळीतला हा थोर पुरुष आठवला, की आमची मान ताठ होते.

दुसरा दाखला खोपोलीहून पेणच्या रस्त्याने गेले की भेटतो. पेण, हमरापूर, जोहे येथील गणपतीचे कारखाने सर्वांस परिचित आहेत. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा कारागीर तेथे हंगामाचा राजा असतो. हा धंदा मुलुखभर चालतो, मूर्ती परदेशी जातात, घरातील बायकामुलांसह सर्वांना काम मिळते. माती, रंग व मजुरी यांसाठी वर्षभर आधी पैसा घालावयाचा आणि भाद्रपदात तो वसूल करावयाचा, असा त्याचा आकडा. २०२० साली शासनाने सार्वजनिक मूर्ती चार फुटांची व घरगुती दोन फुटांची ठरविली, तेव्हा मोठ्या मूर्ती करून बसलेल्यांचे भांडवल अडकले. शाडूच्या लहान मूर्ती करणारे त्या मानाने कमी होरपळले. तरीही धंदा टिकला, कारण तो शेकडो घरांत वाटलेला आहे. एका घराचा हंगाम बुडाला, तरी सारा गाव बुडत नाही.

तात्पर्य काय? रविवर्मा, फाळके, देसाई यांना त्यांच्या कलेने उपाशी ठेवले नाही. उलट कलेने त्यांना भरपूर दिले. कुंचला सोडून कारखान्याचे धनी झाल्यावर ते अडचणीत आले, आणि त्या कामाचे शिक्षण त्यांना कोणत्याही कलाशाळेने दिले नव्हते. तथापि फाळके सरकारी नोकरीत राहते, तर ‘हरिश्चंद्र’ झाला नसता. म्हणून साहस करूच नये, असे आम्ही म्हणणार नाही. जो साहस करील त्याने चार गोष्टी सांभाळाव्या. घर व बायकोचे दागिने धंद्याच्या वहीत चढवू नयेत. एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर किंवा एकाच हंगामावर सारे भांडवल लावू नये. कर्ज काढण्यापूर्वी धंदा सहा महिने बंद राहिला तर हप्ता कोठून देणार, हे कागदावर मांडून पाहावे. आणि चित्र विकले तरी त्याच्या प्रती काढण्याचा हक्क विकू नये. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे हा हक्क कर्त्याच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, आणि तो दुसऱ्यास द्यावयाचा तर लेखी करार लागतो. नोकरीत असताना केलेल्या कामाची गोष्ट निराळी. तेथे बहुधा मालकाचा हक्क असतो, म्हणून नेमणुकीचा कागद वाचूनच सही करावी.

आपले मंडळ दरवर्षी वैद्यक व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देते, हे भूषणावह आहे. त्यांत यंदापासून एक शिष्यवृत्ती चित्र, शिल्प वा मूर्तिकाम शिकणाऱ्या मुलामुलींसाठी ठेवावी, अशी आमची नम्र सूचना आहे. ती घेणाऱ्याने वर्षभराच्या जमाखर्चाची वही मंडळापुढे ठेवावी, एवढीच अट असावी. आमच्या निवृत्तिवेतनातून पहिला अल्पसा वाटा आम्ही कार्यवाहांकडे दिला आहे.

त्या विद्यार्थ्यालाही आम्ही उत्तर कळविले आहे. त्याला लिहिले, की तीस वर्षांपूर्वी आम्ही तुझ्या वडिलांना जे सांगितले ते अर्धवट होते, आणि त्याची भरपाई तुला करून देणे आता आमच्या हाती नाही. मुलीला कलाशाळेत जाऊ दे. दर रविवारी तिला आमच्याकडे पाठव. जमाखर्च कसा लिहावा आणि व्याज कसे काढावे, ते आम्ही शिकवू. चित्र काढणे तिला तुझ्याकडून आलेलेच आहे.